सोळाव्या वर्षाची शस्त्रक्रिया आणि बावचीचे तेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत किशोरवयीन मुलांच्या वाचनाविषयी जो लेख आला, त्यात इंग्रजीतून येणाऱ्या कल्पितकथा म्हणजे वास्तवापासून पळ काढण्याची सोय, असा सूर होता. या मताशी मी सहमत नाही, आणि का नाही हे सांगायचे तर स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘अग्लीज’ या कादंबरीविषयी आणि थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल.

ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्यातल्या शहरात सोळा वर्षांचे झालेल्या प्रत्येक मुलामुलीवर शस्त्रक्रिया होते. हाडे घासून ठरलेल्या मापात बसवली जातात, चेहरा नव्याने घडवला जातो, अंगावरची जुनी कातडी जाऊन नवी येते. तोवर ती सारी मुले ‘कुरूप’ म्हणून नदीच्या अलीकडच्या वसतिगृहांत राहतात आणि एकमेकांना व्यंगावरून पाडलेल्या नावांनी हाका मारतात. नायिका टॅलीचे नाव तिच्या डोळ्यांवरून पडलेले, तिच्या मित्राचे नाकावरून. हे सगळे चालते ते समतेच्या नावाने. पूर्वी माणसे रूपावरून आणि रंगावरून एकमेकांच्या जिवावर उठत, आता सगळेच सुंदर झाल्यामुळे ते संपले, असे मुलांच्या मनावर बिंबवलेले असते. टॅलीला कोणी बळजबरी करत नाही. ती त्या दिवसाची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहते, आणि शे नावाची तिची मैत्रीण शस्त्रक्रिया नको म्हणून शहर सोडायला निघते तेव्हा टॅलीला ती वेडी वाटते.

भाचीने सुट्टीत आमच्याकडे ठेवून गेलेले हे पुस्तक मी सहज चाळायला घेतले. कातडी बदलण्याच्या उल्लेखापाशी मात्र मी थबकले, कारण मला वयाच्या पंधराव्या वर्षी कोड, म्हणजे अंगावर पांढरे डाग, फुटले. आधी ओठाच्या कोपऱ्यात, मग बोटांच्या पेरांवर, मग कोपरांवर. आपल्या शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात, एवढाच या विकाराचा अर्थ. तो स्पर्शाने पसरत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. हे मला आज नीट सांगता येते. तेव्हा आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. सोळाव्या वर्षी मला कोणी विचारले असते, की तुझी सगळी कातडी काढून नवी देतो, चेहराही दुसराच मिळेल, चालेल का, तर मी क्षणाचाही विचार केला नसता. टॅलीच्या त्या उताविळीत मला माझे ते वर्ष जसेच्या तसे दिसले.

आणि माझ्या घरात तरी दुष्ट कोण होते? आईने माझे आंबट बंद केले; दही, लिंबू, चिंच, कैरीचे लोणचे, सगळे वर्ज्य. ती स्वतःही माझ्यासमोर आमटीत आमसूल घालीनाशी झाली. मावशीने कुठल्याशा वैद्याकडून बावची या औषधी वनस्पतीचे तेल आणले. सकाळी ते डागांवर चोळायचे आणि गच्चीवर जाऊन हात उन्हात धरून बसायचे. बावचीत त्वचेला उन्हाने भाजण्याइतकी हळवी करणारे द्रव्य असते. वैद्यकात तशाच द्रव्याचा उपयोग मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात. आम्ही तो बडोद्याच्या एप्रिलमधल्या उन्हात अंदाजाने करत होतो. डाव्या मनगटावर पाणी भरलेले फोड आले, ते फुटले, आणि तिथे नंतर जो वण राहिला तो कोडाच्या डागांपेक्षा अधिक काळ डोळ्यांत भरत राहिला. मावशी त्या फोडांवर फुंकर घालत रडली होती. म्हणूनच कादंबरीतल्या कथेला अद्भुत म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. माणसाला त्याच्याच अंगाचा तिटकारा यावा एवढे दुःख त्याला त्याची माणसे देऊ शकतात, तेही पूर्ण मायेने, हे या कादंबरीने मला जितके स्पष्ट दाखवले तितके आजवर दुसऱ्या कोणी दाखवले नव्हते.

नवरात्रात तर आमच्या शहरात कोणी घरी बसत नाही. मराठी घरांतल्या मुलीही चणिया-चोळी घालून गरब्याला जातात, आणि चणिया-चोळीत हात, पाठ, कोपरे सगळे उघडे. त्वचेच्या रंगाचे मलम दोन छटा मिसळून तळहातावर तयार करायचे, बोटाने डागाच्या कडेपासून आत टिपत न्यायचे, वर पावडर मारायची. तिसऱ्या फेरीपर्यंत घामाने त्याचे ओघळ होत आणि मी ओढणीने कोपरे झाकून घेरातून बाहेर पडत असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी इतर मुलींच्या हातावर तिळगूळ ठेवला गेला आणि माझा ताटलीतून पुढे आला. त्या बाईंना बहुधा मला दुखवायचे नव्हते. त्यांना भीती वाटत होती.

कादंबरीत शे आणि टॅली भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या चेहऱ्याचा एक अर्धा भाग घेऊन त्याचीच उलट प्रतिमा शेजारी जोडतात आणि अगदी सारखा, निर्दोष चेहरा तयार करतात. २००५ मध्ये ते नवलाईचे वाटले असेल. आज भाचीच्या फोनमध्ये हे आणि याहून पुष्कळ काही आहे, आणि तिच्या मैत्रिणींचे फोटो त्या गाळणीतून (‘फिल्टर’मधून) गेल्याशिवाय कोणाला दिसत नाहीत.

कादंबरीत मला न पटलेली गोष्टही आहे. शहराबाहेर टॅलीला डेव्हिड भेटतो, आणि तू आहेस तशीच सुंदर आहेस हे ती त्याच्या तोंडून ऐकते तेव्हा तिच्या मनातली गाठ सुटू लागते. येथे लेखकाने सोपी वाट धरली, असे माझे मत आहे. आपल्याकडेही मुलीला कोणी पसंत केले की तिच्या रूपाचा प्रश्न निकालात निघाला, असे सगळे समजतात. नाकीडोळी नीटस आहे, रंगाचे काय, ‘स्थळ’ जमले ना, मग झाले! माझे लग्न जमले तेव्हा आमच्याकडे नेमके हेच बोलले गेले. नवऱ्याने माझे डाग कधी डाग मानले नाहीत, याचे मला मोल आहेच. पण मी अर्ध्या बाह्यांचे पोलके घालून मंडईत जाऊ लागले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, माझी मी. शेचा नकार मला टॅलीच्या प्रेमकथेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण शहराने सगळ्यांना उलटेच शिकवलेले असूनही ती नाही म्हणाली.

आता आपल्याकडे मागणे. कोड हमखास आणि कायमचे बरे करून देण्याच्या छोट्या जाहिराती आजही छापून येतात, डागांच्या आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांसह. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत ज्या विकारांची नावे आहेत त्यांत कोडाचेही नाव आहे. म्हणजे अशा जाहिराती कायद्यालाच मान्य नाहीत. प्रकाशोपचाराने अनेकांचा रंग काही प्रमाणात परत येतो, काहींचा येत नाही, आणि एकदा आलेला रंग पुन्हा जाऊही शकतो, हे कोणताही प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. अशी जाहिरात वाचून एखादी आई पदरचे पैसे बांधून त्या पत्त्यावर जाते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. आपल्या वर्तमानपत्राने या जाहिराती घेऊ नयेत आणि पुढच्या पुरवणीत कोडाविषयी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाचा लेख छापावा, अशी माझी विनंती आहे. त्याच पानावर किशोरवयीनांसाठी पुस्तकांची शिफारस करायची असेल, तर ‘अग्लीज’चे नाव अवश्य द्यावे आणि ती आईवडिलांनीही वाचावी असे लिहावे. आपण सांगाल तर मी स्वतः त्या पुस्तकाचा मराठीत सविस्तर परिचय लिहून पाठवीन.

आपली,
एक वाचक
रावपुरा, बडोदे