समुद्रकाकडी म्हणजे खाण नव्हे

समुद्रकाकडी या सागरी प्राण्यातील, रक्त गोठू न देणाऱ्या शर्करेविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. डुकराच्या आतड्यांपासून काढल्या जाणाऱ्या हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाला पर्याय हवाच. २००८ मध्ये त्यातील भेसळीने अनेक रुग्ण दगावले. ही सागरी शर्करा गोठण्याच्या साखळीतील आधीचीच कडी रोखते, त्यामुळे प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तस्राव हेपॅरिनपेक्षा कमी दिसला, ही मोठीच आशा आहे. मात्र लेखात समुद्राला ‘अक्षय औषधसाठा’ म्हटले आहे, ते मला मान्य नाही. बेसुमार उपशामुळे समुद्रकाकडीच्या तीन जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचे २०१९ मध्ये ठरवावे लागले. हेपॅरिनच्याच धर्तीवरचा, पाच शर्करांचा फोंडापॅरिनक्स हा औषधी रेणू प्रयोगशाळेत पूर्णतः कृत्रिमरीत्या तयार होतो. समुद्रकाकडीतील शर्करेसाठीही संशोधनाचा पैसा आधी त्याच वाटेवर खर्च व्हावा.

– एक वाचक