कंबर सांभाळायची असेल तर डेडलिफ्ट वगळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेडलिफ्ट म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या (प्लेट) लावलेला लोखंडी दांडा (बार) जमिनीवरून उचलून सरळ उभे राहणे. ‘डेडलिफ्ट नको, कंबर जाईल’ हा सल्ला आपल्याकडच्या अनेक व्यायामशाळांत नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात मिळतो. काही सोसायट्यांच्या जिममध्ये तर तशी पाटीच लावलेली असते. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो हे मान्य. पण तो चुकीचा आहे आणि त्यामुळे कंबरेचे भले होत नाही, असे शक्तिव्यायाम शिकवणाऱ्या आम्हाला ठामपणे वाटते. जमिनीवरचे वजन उचलणे कोणाला चुकले आहे? घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसकट त्याचे वजन 30 किलोच्या आसपास जाते. पाण्याचा भरलेला जार 20 किलोचा. शिवाय तांदळाचे पोते, मातीने भरलेली कुंडी, गाडीत झोपलेले मूल आहेतच. ही वजने आपण उचलतोच. फक्त ती कशी उचलायची हे कोणी शिकवलेले नसते.

‘डेडलिफ्ट’ या नावाने काहींना धडकी भरते. त्यातल्या ‘डेड’चा अर्थ एवढाच, की वजन जमिनीवर निपचित पडलेले असते आणि प्रत्येक वेळी तिथूनच, कसलाही झोका न घेता, ते उचलायचे असते. या एका हालचालीत कुल्ले, मांडीचा मागचा भाग, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे लांब स्नायू, पाठीचे पंख, खवाटे आणि मनगटापर्यंतचा हात असे सगळे एकदम कामाला लागतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा वाटाही असतो, विशेषतः वजन जमिनीवरून सुटताना.

तालमीत जोर आणि बैठकांना पहिला मान आहे आणि तो रास्तच आहे. पण तालमीतला पैलवान आणखी एक काम करायचा, जे आपण व्यायामात धरायला विसरलो: खोरे घेऊन हौद्यातली माती खणणे. वाकायचे, खोरे रुतवायचे, ओढायचे, उलटायचे. पाठीचे आणि कुल्ल्यांचे खरे काम तिथे व्हायचे. शहरातल्या जिममध्ये जोरांची जागा बाकावर पडून वजन वर रेटण्याने (बेंच प्रेस) घेतली, बैठकांची बसून पायांनी वजन ढकलण्याने (लेग प्रेस). माती खणण्याची जागा मात्र रिकामीच राहिली. छाती आणि दंड भरलेले, पण खाली वाकून पंधरा किलो उचलताना कंबर धरणारे तरुण दिसतात, त्याचे मोठे कारण आम्हाला हेच वाटते.

कंबरदुखीच्या रुग्णांवरही हा व्यायाम पडताळून पाहिला गेला आहे. स्वीडनमधल्या एका चाचणीत 70 जणांचे दोन गट केले. एकाला डेडलिफ्ट दिली, दुसऱ्याला हलके नियंत्रणाचे व्यायाम. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. याचा अर्थ डेडलिफ्ट हे जादूचे औषध नव्हे. पण नीट शिकवली तर ती कंबरेची शत्रूही नव्हे. ज्यांचे दुखणे सुरुवातीला तीव्र होते आणि पाठीचे स्नायू लवकर थकत होते, त्यांना डेडलिफ्टचा फायदा कमी झाला, हेही तिथेच दिसले. म्हणून ऐन दुखण्यात बारला हात लावू नये.

हाडांच्या बाबतीतला पुरावा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या आया-मावश्यांच्या कामाचा आहे. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी झालेल्या 101 स्त्रियांवर ‘लिफ्टमोर’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने डेडलिफ्ट, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर रेटणे) केले. पाच सेट (फेऱ्या), प्रत्येकी पाच वेळा, आणि वजनही खरोखर जड. जोडीला हाडांना हादरा देणाऱ्या उड्या होत्या. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची सुमारे 1.2 टक्क्यांनी घटली. यातली एक गोष्ट वाचकांनी निसटू देऊ नये: हा सगळा व्यायाम जाणकारांच्या नजरेखाली झाला आणि सुरुवातीचा काळ हलक्या वजनावर हालचाल शिकण्यात गेला. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असलेल्या कोणी हे पत्र वाचून एकट्याने सुरुवात करू नये.

आता कृतीकडे. बारला हात लावण्याआधी खुब्यातून वाकणे जमले पाहिजे. त्यासाठी पोछ्याचा दांडा पुरतो. तो पाठीमागे उभा धरा. डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी तो टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडा आणि कुल्ले मागे न्या, जणू हात भरलेले आहेत आणि मागचे दार कुल्ल्याने लोटायचे आहे. छाती आपोआप खाली जाईल. माकडहाडावरचा दांडा सुटला तर कंबर गोल झाली असे समजा. डोक्यावरचा सुटला तर मान पुढे गेली. मांडीच्या मागे ताण जाणवला की तिथेच थांबा आणि वर या. रोज दहा-दहा वेळा, दोन आठवडे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे आणि गुडघे फार न वाकवता कुल्ल्याने भिंतीला स्पर्श करावा. जमेल तसे अंतर वाढवावे.

बारजवळ उभे राहताना पावले खुब्याइतक्या अंतरावर ठेवा. वरून पाहिल्यावर बार पावलाच्या बरोबर मध्यावर दिसला पाहिजे, म्हणजे नडगीपासून साधारण एक इंच पुढे. इथे ‘पावलाचा मध्य’ म्हणजे टाचेसकट अख्ख्या पावलाचा. बुटाच्या लेसकडे पाहून अंदाज केला की हमखास चूक होते. आता बार न हलवता खाली वाका आणि पायांच्या लगेच बाहेरून पकडा. नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणा. कुल्ले गुडघ्यांच्या वर आणि खांद्यांच्या खाली. छाती उघडा, काखेत वर्तमानपत्राची घडी दाबून धरल्यासारखे दंड अंगाशी आवळा. पोटात, छातीत नव्हे, श्वास भरा आणि कोणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. बार आणि प्लेटचे भोक यांच्यात थोडी मोकळीक असते. हात सरळ ठेवून बार हळूच वर ताणला की प्लेटच्या भोकात ‘टक’ असा बारीक आवाज येतो; वजन अजून जमिनीवरच असते, पण बारमधली ढील निघालेली असते आणि पाठही तणावात आलेली असते. तो आवाज ऐकल्यावरच पायांनी जमीन खाली रेटा. ढील न काढता हिसका दिला की पहिला धक्का सैल पाठीला बसतो, आणि लचक भरते ती बहुधा याच क्षणी.

वर येताना बार नडगीला आणि मांडीला घासतच आला पाहिजे. यामागे साधी तरफ आहे. पाण्याचा जार छातीशी कवटाळून उभे राहा आणि मग तोच हात लांब करून धरून पाहा. 20 किलो तेच, पण कंबरेवरचा भार कितीतरी वाढतो. साठ किलोचा बार वीतभर पुढे गेला की कंबरेला नेमके हेच सोसावे लागते. वर पोचल्यावर कुल्ले आवळून सरळ उभे राहायचे, बस्स. मागे झुकून पोट पुढे काढल्याने वजन जास्त उचलले जात नाही, उलट मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. उतरवताना आधी कुल्ले मागे, बार गुडघ्याखाली गेला की मग गुडघे वाकवायचे. गुडघे आधी वाकवले तर बार त्यांना वळसा घालून पुढे जातो. जमिनीवर वजन टेकले की चेंडूसारखे उसळू देऊ नका; थांबा, श्वास घ्या, पुन्हा सगळी मांडणी करा.

शिकवणाऱ्याने पाहायची सगळ्यात मोठी खूण अशी: कुल्ले आधी वर उसळतात आणि छाती तिथेच राहते. याची कारणे दोन. एक तर बैठकीसारखे फार खाली बसून सुरुवात केलेली असते, नाहीतर वजन झेपण्यापलीकडचे असते. पहिल्यासाठी सुरुवातीला कुल्ले दोन इंच वर घ्यावेत, दुसऱ्यासाठी प्लेट काढावी. दुसरी खूण कोपर वाकण्याची. हात हे इथे दोरखंड आहेत. दंडाने ओढू पाहणाऱ्याच्या स्नायूला इजा होऊ शकते. एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड घेणाऱ्यांना हा धोका उताण्या हाताच्या दंडात अधिक, म्हणून ती पकड शेवटच्या जड सेटपुरतीच ठेवावी. पकड सुटते म्हणून जाड हातमोजे घालणे हा उलटा उपाय आहे, त्याने बार आणखी जाड होतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत खडूची पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, जास्त कामाची. बार तळव्याच्या मधोमध न धरता बोटांच्या मुळाशी धरला तर घट्टेही कमी पडतात. आणि मऊ, जाड तळव्याचे धावण्याचे बूट काढून ठेवा. सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट चालतील.

आपल्याकडच्या जिममधली एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर, नडगीच्या मध्याच्या आसपास येतो. साध्या लोखंडी 5 किंवा 10 किलोच्या प्लेट पुष्कळ लहान असतात. त्या लावल्या की बार घोट्याजवळ लोळतो आणि ज्याला अजून नीट वाकता येत नाही अशा नवशिक्यालाच सगळ्यात खाली वाकावे लागते. म्हणजे वजन जितके हलके तितकी पाठ गोल. उपाय फुकटचा आहे: दोन्ही बाजूंना प्लेटखाली आडव्या प्लेटची चवड किंवा जाड रबरी लाद्या ठेवून बार साडेबावीस सेंटिमीटरच्या उंचीवर आणा. ज्यांना तरीही पाठ सपाट ठेवता येत नाही त्यांनी तो गुडघ्याखाली येईल इतका उंच ठेवून सुरुवात करावी आणि दर दोन आठवड्यांनी एक थर काढावा. बारच्या वजनाबाबतही गृहीत धरू नका. ऑलिंपिक बार पुरुषांचा 20 किलोचा, स्त्रियांचा 15 किलोचा. जिममधला बार त्यापेक्षा हलकाही असू शकतो. एकदा काट्यावर ठेवून पाहा आणि त्यावर रंगाने आकडा लिहा.

वजन किती? एरवी निरोगी माणसाने रिकाम्या किंवा जेमतेम भरलेल्या बारवर तीन सेट, पाच-पाच वेळा, आठवड्यातून दोन दिवस असे सुरू करावे. प्रत्येक सेटनंतर दोन-तीन मिनिटे पूर्ण विश्रांती. पाचवी खेपही पहिलीसारखीच दिसली तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, म्हणजे दोन्हीकडे सव्वा-सव्वा. वजन बऱ्यापैकी वाढले की एक दिवस जड डेडलिफ्ट आणि दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट ठेवा. तिच्यात वजन उभ्यानेच खाली न्यायचे असते आणि जमिनीला न टेकवता वर आणायचे असते. कंबरेला बांधायच्या जाड पट्ट्याची घाई नको. पट्टा कंबर बांधून ठेवत नाही. पोटाला रेटायला भिंत देतो, आणि पोट घट्ट करायला येत नसेल तर ती भिंत वाया जाते.

दुसऱ्या दिवशी कंबरेच्या दोन्ही बाजूंना जडपणा येणे स्वाभाविक आहे, दोन दिवसांत जातो. पण पायात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब तात्पुरता बराच चढतो, म्हणून आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा विकार, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे की मनाईची पाटी काढून एक कोपरा मोकळा करावा. बार 2.2 मीटर लांब असतो, तेव्हा तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल जागा पुरे. खाली जाड रबर, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येणार नाही. आणि सव्वा किलोच्या प्लेटची निदान एक जोडी ठेवा. ती नसली की माणूस थेट पाच किलोंची उडी मारतो, आणि साठीच्या बाईंना ती उडी फार मोठी होते.

आपले,
दोन शक्तिव्यायाम प्रशिक्षक, कोल्हापूर