देवनागरीसाठी निब कोण घासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात नुकतेच हाताने बनवलेल्या आणि संग्राहकांच्या पेनांचे प्रदर्शन भरले होते. त्याची चार ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली आणि मिरजेहून पहाटेची एसटी धरली. मी बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, आमच्या सतारमेकर गल्लीतली बरीचशी नावे माझ्या हातची. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. आता शाळांची प्रमाणपत्रे आणि सत्काराची मानपत्रे लिहितो. एका नावाचे पाच रुपये. त्यामुळे पेनाकडे मी शौकिनाच्या नजरेने बघत नाही, सुतार पटाशीकडे बघतो तसा बघतो. ही तक्रारही त्याच नजरेची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रदर्शन सुरेख होते, यात वाद नाही. दारातच एक तरुण लेथवर एबोनाइटचा दांडा कातत बसला होता. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवले की हे कडक एबोनाइट तयार होते, म्हणून कातताना गंधकाचा तो ओळखीचा वास सुटतो. काळ्या-हिरव्या सालपटांचा ढीग त्याच्या पायाशी पडला होता आणि पोरे ती खिशात भरत होती. मी अर्धा तास तिथेच उभा. एबोनाइट हातात गार लागत नाही, आणि निबेखालची जीभ त्याची असली तर शाई तिला धरून राहते, प्लॅस्टिकच्या जिभेवरून घसरते तशी घसरत नाही. उन्हात मात्र त्याचा रंग उडतो. हे सगळे त्या पोराने न कंटाळता सांगितले.

आत गेलो तर जपानी पेने. लाखेवर सोन्याची पूड पेरून काढलेले मासे आणि बगळे. एकाची किंमत विचारली आणि हात मागे घेतला, तेवढ्यात आमचे घर रंगवून झाले असते. एका संग्राहकाच्या टेबलावर आंध्रातल्या राजमहेंद्रीचे जुने रत्नम पेन होते. स्वदेशी पेन करून बघा असे गांधीजींनी सुचवले, रत्नम यांनी ते केले आणि गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हाती वर्ध्याला पाठवले, आणि 1935 मध्ये गांधीजींचे आभाराचे पत्र आले, ही गोष्ट तिथे पुन्हा ऐकली. शाईच्या बाबतीत तर आपण मुंबईचेच ऋणी. दांडेकरांनी 1931 मध्ये कॅम्लिन काढली ती शाईच्या पुडी-गोळ्यांपासूनच. शाळेत आम्ही त्या गोळ्या पाण्यात विरघळवून दौती भरल्या आहेत आणि सदरेही.

आता मुद्द्यावर येतो.

प्रत्येक स्टॉलवर पेन चालवून बघायला वही ठेवलेली असते. मी सवयीने आधी ‘श्री’ काढले, मग ‘ळ’. अक्षराची परीक्षा माझ्या मते ‘ळ’मध्ये होते, दोन्ही पोटे सारखी उतरली पाहिजेत. लिहून झाल्यावर वहीची मागची पाने चाळली. पानेच्या पाने ‘द क्विक ब्राउन फॉक्स’ हे सगळी इंग्रजी अक्षरे येणारे सरावाचे वाक्य, इंग्रजी सह्या, इंग्रजी नावे. पुण्यात, दुपारी एक वाजेपर्यंत, त्या वहीत देवनागरी लिहिणारा मी पहिला असेन. पुढच्या चार स्टॉलांवरही तीच गत. लोकांनी काय लिहावे हे मी सांगणारा कोण? पण पेन विकणाऱ्यानेही निब इंग्रजीसाठीच घासून ठेवावी, याचे मात्र वाईट वाटले.

जाड-बारीक रेघ देणाऱ्या, आडव्या कापाच्या निबा तिथे पुष्कळ होत्या. एक पॉइंट एक, दीड मिलिमीटर. इंग्रजी अक्षरे त्यांतून झकास येतात. देवनागरी लिहायला घेतले की घोटाळा. बोरू कापलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे, की देवनागरीचा काप रोमनच्या उलट असतो. रोमनचे टोक घेऊन ‘क’ काढला तर जाड हवे तिथे बारीक येते आणि बारीक हवे तिथे शाईचा गोळा. मग मनगट पिळून पेन फिरवून धरावे लागते. तसे केले की निबेची चीर कागदावर सपाट बसत नाही, एक कोपरा उचलला जातो आणि मध्येच शाई तुटते. एकशे चाळीस नावे अशी लिहून बघा म्हणजे खांदा काय म्हणतो ते कळेल.

म्हणून मी घरी एअरमेल कंपनीच्या साध्या पेनाची निब पॉलिश पेपरवर तिरकी घासून वापरतो. निब घासणे म्हणजे आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवतात, तसले काम. घोडीवर कानशीचा एक हात जास्त फिरला तर तार मुकी होते. निबेचेही तेच. टोकाला कठीण धातूचा बारीकसा मणी असतो, तो घासून संपला की खाली नुसते पोलाद उरते. ते कागद खरवडते आणि लवकर झिजते. तीन-चार महिन्यांत नवी निब. माझ्यासारख्या अडाण्याने पॉलिश पेपर घेऊन बसण्याचे हे काम नव्हेच. रुंद टोकाची निब घेऊन ती भिंगाखाली घासणारे कारागीर त्या दालनात बसले होते, त्यांचे हे काम आहे.

एका कारागिराला विचारले. माणूस सज्जन. म्हणाला, “काका, मागणीच नाही.” आणि मागणी नाही म्हणता म्हणता त्याच्याच ट्रेमध्ये अरबी-हिब्रू लिपीसाठी घासलेली निब होती, उभी रेघ बारीक आणि आडवी जाड देणारी! शेजारच्या टेबलावर सेलर या जपानी कंपनीचे पेन होते. त्यांचे निब-कारागीर नोबुयोशी नागाहारा यांनी ‘नागिनाता’ नावाची निब घडवली, ती जपानी अक्षरांचे फटकारे डोळ्यांपुढे ठेवून. नागिनाता म्हणजे लांब दांड्याचे, वाकड्या पात्याचे शस्त्र. पेन उभे धरले की बारीक रेघ, आडवे केले की जाड. ती निब मी त्या टेबलावर पाच मिनिटे चालवली. खोटे कशाला बोलू, हेवा वाटला. जपान्याने आपल्या अक्षरासाठी पेनाला वाकवले. आपण पेनासाठी मनगट वाकवतो. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी एवढ्या भाषा ज्या लिपीत लिहिल्या जातात तिला मागणी नाही, हे गणित मला तरी सुटले नाही. पेन स्वदेशी झाले त्याला नव्वद वर्षे झाली, निबेचा काप अजून विलायतेतच आहे.

आयोजकांना माझी विनंती छोटी आहे. पुढच्या खेपेला एका टेबलावर देवनागरी कापाच्या दोन-तीन मापांच्या निबा ठेवाव्यात आणि त्या घासणारा माणूस बसवावा. चालवून बघायच्या वहीच्या पहिल्या पानावर कोणीतरी सुरेख ‘अ आ इ ई’ काढून ठेवावे, पुढचे लोक आपोआप लिहितील. सुलेखन शिकवणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनाही बोलवावे. ‘निब दाबू नये’ ही पाटीसुद्धा फक्त इंग्रजीत होती, ती मराठीत मी फुकट लिहून देतो.

जाता जाता दारातल्या त्या लेथवाल्या पोराला माझे एअरमेल दाखवले. त्याने भिंगातून बराच वेळ बघितले, “काका, बिघडवलीय पण कोन बरोबर आहे,” म्हणाला आणि निब नमुन्याला ठेवून घेतली. तशीच रुंद टोकाच्या निबेवर करून बघतो म्हणाला. पैसे विचारले तर आधी जमू दे म्हणाला. तेव्हापासून माझे पेन बिननिबेचे पडून आहे. इथल्या एका शाळेची प्रमाणपत्रे पंधरा दिवसांत द्यायची आहेत. काल ओढ्याकाठून बोरू तोडून आणला आणि सावलीत वाळत टाकला आहे.

आपला एक जुना वाचक,
बोर्ड पेंटर, मिरज