खिद्रापूरची वाट

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

खिद्रापूरला मोटरसायकलने जाण्याचे जे बेत आपण कॉलेजात असल्यापासून आखत होतो आणि जे दरवेळी कोणाच्या लग्नापायी नाहीतर कोणाच्या परीक्षेपायी मोडत होते, ते आज मी एकट्यानेच पार पाडले. रागावू नकोस. तू परदेशी जाऊन बसलास आणि गाडी नुसती अंगणात उभी राहून कुरकुरू लागली, म्हणून भल्या पहाटे निघालो.

जयसिंगपूरकडचा मोठा रस्ता मुद्दामच टाळला आणि इचलकरंजीहून कुरुंदवाड, पुढे अकिवाट असे आतल्या रस्त्यांनी गेलो. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारा ऊस असल्यामुळे वळणापलीकडून काय येते आहे, ते हॉर्न ऐकू आल्याशिवाय कळत नाही. तोडणीचा हंगाम चालू आहे. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत येतात, आणि त्यांच्या चाकांबरोबर शेतातून आलेली काळी माती सकाळच्या दवाने साबणासारखी निसरडी होते. अशाच एका वळणावर, सांडलेल्या पाचटावरून मागचे चाक सरकले. ‘ब्रेक दाबू नकोस, थ्रॉटल सोड’ हे तुझे जुने ओरडणे नेमके त्या क्षणी कानात वाजले, म्हणून वाचलो. एवढे श्रेय तुला देऊन टाकतो.

गावातल्या घरांच्या दाटीत कोपेश्वराचे मंदिर उभे आहे. प्रथम दिसतो तो स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब आणि त्यांच्या मधोमध सुमारे तेरा फूट व्यासाचे, उघडे ठेवलेले गोल छत. खाली तशीच भली मोठी गोल शिळा. मी पोहोचलो तेव्हा ऊन तिरपे पडत होते, त्यामुळे प्रकाशाचा गोल शिळेवर न पडता पश्चिमेकडच्या खांबांवर चढला होता, आणि कातल्यासारख्या घोटीव दगडावरची एकेक कंगणी वेगळी दिसत होती. होमाचा धूर जावा म्हणून छत उघडे ठेवले, असे तिथे सांगतात. मला विचारशील तर, ज्याने ती बारा खांबांची आतली फेरी उभी केली, त्याला वर आभाळच हवे होते. तिथून सभामंडपात आणि मग गाभाऱ्याकडे जावे तसतसा उजेड कमी होत जातो, आणि पार आत, समईच्या प्रकाशात, कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे दिसतात. सतीच्या देहत्यागाने कोपलेला शिव आणि त्याची समजूत घालणारा विष्णू, अशी त्यांची कथा आहे. समोर नंदी मात्र नाही. तो कृष्णेपलीकडे, कर्नाटकातल्या येडूरला आहे म्हणतात.

सर्वांत जास्त वेळ गेला तो बाहेरच्या गजपीठापाशी. मंदिराचा सारा भार पाठीवर घेतल्यासारखे नव्वदहून अधिक हत्ती पायथ्याशी उभे आहेत आणि त्यांच्यावर देवता आरूढ आहेत. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. मी ते दोनदा मोजायला घेतले आणि दोन्ही वेळा चुकलो, कारण मोजता मोजता एखाद्याच्या पाठीवरची झूल, गळ्यातली घंटा, किंवा दोरखंडाचा पीळ पाहत थांबलो की आकडा निसटायचा. एका हत्तीची सोंड मुळापासून गेली आहे, पण त्या सोंडेने धरलेल्या वस्तूचा शेंडा मात्र शेजारच्या दगडाला तसाच चिकटून राहिला आहे. त्यापुढे मी बराच वेळ उकिडवा बसून होतो.

आता तुझ्या-माझ्या जुन्या वादाविषयी. काळ्या दगडाचे देऊळ दिसले की तू लगेच ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळा होतोस. येथील बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत, पण दक्षिण दाराजवळ देवगिरीच्या सिंघण यादवाचा संस्कृत लेख आहे आणि तो १२१४ च्या सुमाराचा आहे. त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे तेव्हा देऊळ उभे होतेच, आणि ते उभारण्यात शिलाहार राजांचा मोठा वाटा होता. ज्याच्या नावावरून ‘हेमाडपंती’ म्हणतात तो हेमाद्री पंडित तर नंतरच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकाचा फरक. तेव्हा हरलास, पैज कोणती होती ते तूच आठव.

परतताना अकिवाटच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. गाडी न्यूट्रलमध्ये पळवत नेऊन, वेग आला की पहिला गिअर टाकायचा आणि पुढे कानाने इंजिनचा अंदाज घेत, थ्रॉटल किंचित सोडून गिअर बदलायचे, असा प्रकार करत कुरुंदवाड गाठले. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला आणि गाडी बंद करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुन्हा ढकलताना ऊस तोडणारी दोन पोरे मागून हातभार लावायला धावली आणि गाडी सुटताच एवढ्या जोरात ओरडली की मला मागे वळून हात करण्याचा मोह आवरला नाही. कुरुंदवाडात वीस मिनिटांत नवी वायर बसली.

येडूर राहिले आहे, आणि हत्तींचा आकडाही. दिवाळीला येशील तेव्हा गाडीची सर्व्हिसिंग झालेली असेल. मोजण्याचे काम तुझ्याकडे; मी फक्त वही धरीन.

तुझाच,
जुना सहप्रवासी