शरणपूरच्या आफ्रिकी मुलांचा फलक हवा

संपादक महोदय,

नाशिकचा इतिहास सांगताना रामकुंड येते, काळाराम येतो, पेशवे येतात. शरणपूरचे ‘आफ्रिकन असायलम’, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थान, मात्र सुटते. त्याचा फलक महापालिकेने शरणपूर रोडवर लावावा.

गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार हिंदी महासागरात पकडत असे. त्यांतून सुटलेली अनेक मुले मुंबईमार्गे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील ख्रिस्ती मिशनच्या शरणपूर वसाहतीत आली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. मुले आईबापांपासून तोडलेली होती आणि मिशनने त्यांना नवी ख्रिस्ती नावे दिली, हेही फलकावर यायलाच हवे. नुसती परोपकाराची गोष्ट अर्धवट ठरेल.

1865 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिकेच्या मोहिमेसाठी इथले नऊ तरुण निवडले. 1872 मध्ये आणखी सहा गेले. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी हृदय आणि आतडी झाडाखाली पुरली, देहात मीठ भरून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवले आणि किनाऱ्यावरच्या बागामोयोपर्यंत खांद्यावर वाहून नेला. दफनाची प्रार्थना जेकबने वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. नाशिकमध्ये शिकलेल्या या मुलाचे नाव इथल्या शाळकरी पोरांना ठाऊक असू नये, याचे फार वाईट वाटते.

एक चूक हमखास होते. चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टन यांच्या सोबत्यांनाही नाशिकचे ठरवले जाते. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता; सुसी झांबेझीकाठच्या शुपांग्याचा. ती नावे या फलकावर नकोत.

1875 मध्ये आजच्या केनियातील मोम्बासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली. इथून गेलेले अनेक जण तिथे स्थायिक झाले. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून त्यांची ओळख आहे. वेलिंग्टन 1935 पर्यंत हयात होते.

फलक दगडीच असावा. फ्लेक्सची अक्षरे उन्हात उडतात. मजकूर मराठी आणि इंग्रजीत हवा, कारण केनियातून कोणी पूर्वजांचा माग काढत आले तर त्यांनाही तो वाचता यावा. कोरण्यापूर्वी तो सोसायटीच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातील दप्तराशी आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातील कागदांशी ताडून घ्यावा.

– स्थानिक इतिहासाचे काही अभ्यासक, नाशिक