स्पर्धा संपल्यावर किल्ल्या कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्यापासून बातम्या येतात त्या बहुतेक बांधकामाच्या. मोटेराचं सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांचं स्टेडियम आहेच, त्याच्या शेजारी सरदार पटेल क्रीडासंकुल, नारणपुऱ्यात २०२५ मध्ये सुरू झालेलं वीर सावरकर संकुल. यजमानपद मिळाल्याचा आनंद मलाही आहे. खर्चाच्या नावाने बोटं मोडण्यासाठी हे पत्र नाही.

दिल्लीची आठवण मात्र काढावी लागते. तिला २०१० च्या स्पर्धा नोव्हेंबर २००३ मध्येच मिळाल्या होत्या, म्हणजे हाताशी सात वर्षं होती. त्यातली २००६ च्या मध्यापर्यंतची अडीच वर्षं नियोजनाला वापरायला हवी होती, ती वापरली गेली नाहीत, असं पुढे महालेखापरीक्षकांनी (कॅग) अहवालात म्हटलं. मग शेवटी धावपळ, आणि उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. आपल्या अनिसा सय्यद आणि राही सरनोबत यांनी त्याच स्पर्धांत पिस्तूल नेमबाजीत जोडीने सुवर्ण मिळवलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पूल. अहमदाबादला तर पाचच वर्षं मिळाली आहेत.

तरी इमारती वेळेत होतील, असं मी धरून चालतो. माझी काळजी २०३१ ची आहे. मी पुण्यात क्रीडाशिक्षक होतो, त्यामुळे बालेवाडीचं क्रीडासंकुल जवळून पाहिलं आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा चेन्नईहून ऐनवेळी पुण्याला आली, ती मैदान तयार होतं म्हणूनच. २०१९ ला खेलो इंडियाही तिथेच झाली. एकदा केलेला खर्च असा पंचवीस वर्षं कामाला येतो.

पण मोठ्या स्पर्धांना दार उघडतं म्हणून रोजच्या सरावालाही उघडतंच असं नाही. आमच्या मुलांना एका सरकारी मैदानावर सिंथेटिक ट्रॅक हवा असायचा, तर आधी अर्ज, मग भाडं, आणि ऐनवेळी कुठल्यातरी कार्यक्रमासाठी मैदान दिलेलं. त्या ट्रॅकची पहिली लेन सगळ्यात आधी गेली, कारण सकाळी फिरायला येणारे सगळे तिथूनच चालायचे. कडेचे सांधे उखडले, पावसाळ्यात खालून पाणी धरू लागलं. तो बसवायला पैसा मिळाला होता. डागडुजीचा खर्च कुठल्या खात्यातून करायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ग्लासगोने २०२६ च्या स्पर्धा दहाच खेळांच्या ठेवल्या आणि त्या आहे त्या मैदानांवरच घ्यायचं ठरवलं. त्यात आपली कुस्ती आणि नेमबाजी गेली, ते मला पटलेलं नाही. नवी मैदानं न बांधण्याचा हिशेब मात्र समजण्यासारखा आहे.

आणखी एक. २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दौऱ्याआधी अहमदाबादेत रस्त्याकडेच्या झोपडपट्टीपुढे भिंत बांधली गेली होती. २०३० साठी तसलं काही करण्यापेक्षा त्याच वस्तीतल्या मुलांना नव्या मैदानाचे पास द्यावेत.

गुजरात सरकारला आणि आयोजकांना विनंती एवढीच: बांधकामं उभी राहण्याआधी प्रत्येक मैदानाचा तक्ता लोकांपुढे ठेवा. २०३१ पासून देखभाल कोण करणार, पैसा कुठून येणार, महानगरपालिकेच्या शाळेच्या संघाला तासाला किती भाडं पडणार आणि आठवड्यातले किती तास फक्त सरावासाठी राखलेले असणार. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपण ऑक्टोबर २०२४ मध्येच इरादापत्र दिलं आहे. हा तक्ता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीलाही दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे