आधी कान, मग पाटी: शालेय शिक्षण मंत्र्यांना कोकण किनाऱ्यावरून खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरली. आता पुढे काय, याची चर्चा मंत्रालयात होईल तेव्हा नव्या ॲपचे, नव्या टॅबचे प्रस्ताव आपल्या टेबलावर येतील. त्याआधी रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. आमच्याकडे मूल अक्षरापाशी अडतच नाही. ते त्याच्या बरेच आधी, ऐकण्या-बोलण्यापाशी अडते आणि आपण औषध मात्र अक्षराला लावतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडचे मूल चित्रातली होडी बघून म्हणते, ‘बापूस दर्यार गेलो.’ वाक्य बिनचूक आहे. मालवणीत ‘तो गेला’ला ‘तो गेलो’च म्हणतात. पण घाटावरून नेमणूक होऊन आलेल्या शिक्षकाच्या कानाला ‘गेलो’ म्हणजे ‘मी गेलो’. तो सहज दुरुस्ती करतो: ‘गेलो नाही रे, गेले म्हण.’ मुलाला आपले काय चुकले ते कळत नाही. असे चार-पाच वेळा झाले की ते बोलायचेच थांबते आणि वर्गात न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणे फार कठीण. वाचताना पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज मूल बोलण्याच्या सवयीवरच बांधते. तो शिक्षकही दोषी नाही. मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी कशी चालते हे त्याला ना डी.एड.ला कोणी सांगितले, ना नेमणुकीनंतर.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येक डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) आपापल्या बोलीची वीस-बावीस पानांची पुस्तिका काढावी: क्रियापदे कशी चालतात, विभक्ती कुठे बदलते, रोजचे दोनशे शब्द. नव्या शिक्षकाला ती रुजू होण्याच्या दिवशीच मिळावी. वर्गातली रीत एवढीच: मुलाचे वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहायचे, त्याखाली पुस्तकी वाक्य लिहायचे, दोन्ही बोट फिरवत वाचायची, कोणतेच खोडायचे नाही. दिवाळीपर्यंत मुले आपणहून दुसरे वाक्य बोलू लागतात. विद्याप्रवेशाचे, म्हणजे पहिलीच्या खेळातून पूर्वतयारीचे, पहिले तीन महिने खरे तर याचसाठी आहेत. पण पाटीवर अक्षर दिसले नाही की पालकांना वाटते शाळेत नुसताच खेळ चाललाय, आणि तपासणीला आलेले साहेब वह्या मागतात. गजालीची, म्हणजे गप्पांची, वही कुठून दाखवायची?

आता अक्षरांचे. आजही कित्येक वर्गांत मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द असा क्रम चालतो. चौतीस व्यंजने आणि बारा खाने म्हणजे ४०८ चौकोन. ते पाठ होईपर्यंत मुलाने अर्थ असलेले एकही वाक्य वाचलेले नसते. अक्षरगटाने शिकवले तर चित्र वेगळे दिसते. म, क, प, र, ण, ड ही सहा अक्षरे आणि काना व दुसरी वेलांटी एवढ्यावर मका, माड, पाणी, पापड, काकडी, रापण हे शब्द तयार होतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ‘काका, पाणी पी’ आणि ‘मामी, पापड कर’ ही वाक्ये मूल स्वतः वाचते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे जाळे) हा शब्द पुण्याच्या मुलाला समजावून सांगावा लागेल, मालवणजवळच्या देवबागच्या मुलाला नाही. म्हणून पहिल्या गटांचे शब्द राज्यभर एकच असू नयेत.

ध्वनीही सगळीकडे सारखे नाहीत. अलिबाग-उरणकडच्या आगरी-कोळी घरांत पाण्याचे ‘पानी’ होते, काळ्याचे ‘काला’, घोड्याचे ‘घोरा’. त्या मुलांना पहिल्याच गटात ण आणि ड दिला तर ती अक्षर ओळखतात, पण घरी ऐकलेल्या शब्दाशी जोडू शकत नाहीत. तिथे म, क, त, न, ल, ब यांनी सुरुवात करावी: कान, नाक, ताक, माती, तीन, लाल. ण, ळ, ड नंतर आणायचे, तेही आधी कानाने. मन-मण, काला-काळा अशा जोड्या बोलायच्या आणि वेगळे ऐकू आले की मुलाने हात वर करायचा. कानाला फरक कळल्यावरच अक्षर दाखवायचे. हे उलटे केले तर तिसरीतही ‘पानी’ असेच लिहिले जाते आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो.

क्रमाच्या आणखी काही गोष्टी पाठ्यपुस्तक करताना बालभारतीने बघाव्यात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या एका गटात नकोत. मधे निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत. पहिली वेलांटी दुसरीच्या नंतर यावी, कारण ‘चि’मध्ये खूण आधी लिहायची आणि उच्चार नंतर, हे सहा वर्षांच्या मुलाला चमत्कारिक वाटते. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत: चूल आणि चिमणी, जाळे आणि जेवण, झाड आणि झेंडा. पहिल्यांदा एकाच उच्चाराचे शब्द द्यावेत, दुसरा उच्चार महिन्याभराने. र हे अक्षर तर चार वेषांत येते: क्रम, ट्रक, सूर्य आणि आपल्या तिसऱ्या (खायचे शिंपले). हे चारही एका पानावर कोंबण्याचा मोह पुस्तकवाल्यांना का होतो, कोण जाणे.

अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते हा वेगळाच विषय. बाजारात मिळणारे बरेच तक्ते हिंदीसाठी छापलेले असतात. त्यांत ळ नसतो आणि ल, श यांची रूपे हिंदी वळणाची असतात. मराठी वळण कोणते ते ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ठरले आहे, तरी मूल अंगणवाडीत एक श बघते आणि पहिलीत दुसरा. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा आपल्याकडे. दोन खात्यांनी एकदा बसून हा तक्ता एक केला तर मोठे काम होईल. अंगणवाडीची कल्पना ज्या प्रयोगांतून आली, ते ताराबाई मोडकांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ मध्ये बोर्डीला, याच किनाऱ्यावर सुरू झाले होते. शंख-शिंपले आणि बिया वापरून शिकवणे आम्हाला नवे नाही. तेच शिंपले आज ध्वनी मोजायला उपयोगी पडतात: शब्द ऐकायचा, जितकी अक्षरे तितके शिंपले मांडायचे.

हे मोजणे आणि जोडणे कुठे फसते तेही सांगतो. मूल ‘मा’, ‘ड’ असे सुटे वाचते आणि जोडून ‘माडऽ’ म्हणते, शेवटचा अ ओढून. त्याला माड आठवतच नाही. म्हणून जोडल्यावर लगेच ‘आता बोलतो तसे म्हण’ ही एक पायरी हवी. मूल ‘माड’ म्हणते आणि हसते, कारण शब्द ओळखीचा निघाला. ही पायरी गाळली की अख्खे पान वाचूनही काय वाचले ते सांगता येत नाही.

शुद्धलेखनाची घाई करू नये. दहा ओळी गिरवून काढण्यापेक्षा रोज पाच शब्दांचे श्रुतलेखन जास्त शिकवते. शिक्षक शब्द बोलतो, मूल तो परत बोलते, बोटांवर अक्षरे मोजते, लिहिते आणि फळा बघून स्वतःच तपासते. तपासताना आधी सगळी अक्षरे आली का, मग काना-मात्रा आणि अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा दुसरीपर्यंत नकोतच. आपल्या बोलण्यात तो फरक कानाला नीट कळत नाही, तो नियमाने कळतो: शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ, आणि फूल-फुले, वीट-विटा अशा जोड्या. हा नियम तिसरीत आठवड्याभरात समजतो. पहिलीत त्यावर वर्ष गेले तरी समजत नाही.

पावसाबद्दल मंत्रालयाच्या एकाही परिपत्रकात वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो मुख्यतः जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका ध्वनी शिकवायच्या महिन्यांत. २०२० च्या निसर्ग वादळात कौले गेली आणि त्यांच्या जागी जिथे पत्रे बसले, तिथे सर आली की स, श, फ, थ हे आवाज आधी बुडतात. शिक्षकाचा ओरडा तेवढा ऐकू येतो. अशा वेळी अक्षरकार्ड, चित्रे, लेखन हे डोळ्यांचे काम घ्यावे आणि कानाचे काम सरीच्या उघडिपीत, मुलांना हातभर अंतरावर अर्धगोलात बसवून करावे. वेळापत्रक लवचीक ठेवायची लेखी मुभा हवी, नाहीतर ‘तिसऱ्या तासिकेला भाषा का नाही’ याचा खुलासा द्यावा लागतो. आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिलीच्या वर्गापुरते तरी पत्र्याखाली छत धरावे, मधे वीतभर पोकळी सोडून.

पावसाळ्यात कान फुटण्याचे प्रमाणही वाढते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते; ते जानेवारीत आले तर पहिलीच्या मुलाचे सहा महिने गेलेले असतात. पहिलीची तपासणी जुलैअखेर व्हावी. लक्ष न देणाऱ्या मुलांपैकी काहींना नीट ऐकूच येत नसते.

आता मोजमाप. निपुणच्या कसोटीत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६० शब्द असे लक्ष्य आहे. पण ‘मी घरी जातो’ हे तीन शब्द आणि ‘घरासमोरच्या अंगणातल्या माडावरून’ हेही तीनच. पहिल्यात पाच अक्षरे, दुसऱ्यात सोळा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे उताऱ्यागणिक तेच मूल पास किंवा नापास ठरू शकते. चाचणीचे उतारे अक्षरे मोजून समान करावेत, किंवा सरळ मिनिटाला अक्षरे धरावीत. सोबत दोन प्रश्न तोंडी विचारावेत आणि उत्तर बोलीत आले तरी पूर्ण गुण द्यावेत, कारण तिथे तपासायचे आहे ते समजणे.

वेळेचे म्हणाल तर रोज सलग नव्वद मिनिटे पुरतात: वीस मिनिटे गप्पा आणि ऐकणे, पंचवीस ध्वनी-अक्षर, पंधरा शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवणे, वीस लेखन, दहा मुलाचे स्वतःचे वाचन. तीच गोष्ट तीन दिवस वाचावी. पहिल्या दिवशी मुले ऐकतात, दुसऱ्या दिवशी विचारतात, तिसऱ्या दिवशी सांगतात. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत, चार इयत्ता समोर असताना हे जमते का? जमते. तिसरी-चौथीला त्या वेळेत गणिताचा सराव देता येतो. जमत नाही ते एवढ्यासाठीच की एक शिक्षक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेलेला असतो आणि दुसरा रेंज शोधत पोषण आहाराची माहिती भरत असतो. सकाळची ही नव्वद मिनिटे कोणतीही माहिती मागवू नये, असा एका ओळीचा आदेश काढावा. आणि पहिलीला शिकवणारा शिक्षक दुसरीतही त्याच मुलांना मिळावा. बदली करायचीच असेल तर दुसरी संपल्यावर.

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्य ढवळून निघाले आणि शेवटी ते दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. बरे झाले. पण पहिल्या भाषेतले वाचन पक्के करण्यासाठी त्यानंतर काय झाले, असा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसले नाही.

रायगडमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांना स्थलांतराच्या वेळी मिळणाऱ्या शिक्षण हमी पत्रकावर ‘कितव्या अक्षरगटापर्यंत वाचते’ असा एक रकाना असावा. मग भट्टीजवळच्या शाळेला पुन्हा अ-आ-इ पासून सुरुवात करावी लागणार नाही. आंब्याच्या बागांत आणि मच्छीमार बोटींवर कामाला आलेल्या नेपाळी, कानडी कुटुंबांच्या मुलांनाही हाच रकाना उपयोगी पडेल. फक्त त्यांना गप्पांचे दिवस जास्त द्यावे लागतील.

शेवटी छपाई. प्रत्येक अक्षरगटामागे आठ पानांची एक वाचनपुस्तिका हवी, जिच्यात शिकवून झालेल्या अक्षरांपलीकडचे एकही अक्षर नाही. अशा बारा पुस्तिका पहिलीला पुरतात. खाऱ्या हवेत पिना एका पावसात गंजतात आणि पाने सुटतात, म्हणून त्या दोऱ्याने शिवलेल्या असाव्यात. कार्डे लॅमिनेट करताना कडेला बोटभर प्लास्टिक जास्त सोडावे, नाहीतर ओल आत शिरून बुरशी धरते. गटांचा क्रम, शब्दयादी आणि वाक्ये आम्ही तिन्ही बोलींसाठी लिहून ठेवली आहेत. ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या डाएटने तपासावीत, खोडावीत, बदलावीत. फक्त एप्रिलअखेर छपाईला जाऊ द्यावीत, म्हणजे पावसाआधी केंद्रशाळांत पोहोचतील.

कळावे,

आपले,
कोकण किनाऱ्यावरील शाळांत पहिली-दुसरीला शिकवणारे शिक्षक